चार पानाची

रोवणीच्या ओळीत सुलोचनाबाईंची जागा ठरलेली होती. उजव्या टोकाला, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. बाकीच्या बायांनी त्यांच्याकडे पाहून ओळ धरायची. गावात त्यांच्याहून गोड गळ्याच्या दोघी-तिघी होत्या. एकीला तर दंडारीच्या खेळात गायला बोलवायचे. तरी रोवणीचं गाणं उचलायचं ते सुलोचनाबाईंनीच, असा रिवाज होता. त्यांचा आवाज जाडाभरडा, मधेच फाटणारा. पण गाणं सुरू झालं की वीस बायांचे हात एकाच वेळी चिखलात जायचे आणि एकाच वेळी वर यायचे.

गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला. पावसाळी धान सगळेच लावतात, पण पाणी मिळालं तर उन्हाळी धानही होतं. त्याचे पऱ्हे, म्हणजे वाफ्यातली रोपं, डिसेंबरात टाकायचे, आणि ती उपटून चिखललेल्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, रोवायची कडाक्याच्या थंडीत. सुलोचनाबाई वयाच्या तेराव्या वर्षी या घरात आल्या, चाळिसाव्या वर्षी विधवा झाल्या, आणि तेव्हापासून शेत त्यांनीच ओढलं. अक्षरओळख नाही. सही तेवढी येते, तीही नात खुशीनं दुसरीत असताना पाटीवर गिरवून शिकवलेली. मुलगा प्रफुल गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कारकुनी करतो. शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो.

प्रफुलची बायको नीतू गोंदियाजवळच्या कुडव्याची. बाप किराणा दुकानवाला, घरात अर्धी हिंदी, अर्धी मराठी. बीएस्सी झालेली, त्यातही वनस्पतिशास्त्र घेऊन. लग्न ठरलं तेव्हा माहेरचे म्हणाले, "शेतीवाल्या घरात चालली, डिग्री कामाला येईल." चौदा वर्षांत डिग्री कामाला आली ती खुशीचा अभ्यास घेण्यापुरती. रोवणीला नीतू धुऱ्यावर उभी राहून पऱ्ह्याच्या जुड्या पुरवायची. चिखलात उतरायची नाही, आणि गाणं तिला ओळीनं कधी ऐकूही आलं नव्हतं. वाऱ्यावर यायचे ते दोन-तीन शब्द. माहेर, सासर, पोरगी. बायकांच्या सगळ्या गाण्यांत असतात तेच.

खुशी सातवीत गेली त्या वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शनाचं निघालं. भुपेंद्र सर विज्ञान शिकवायचे. त्यांनी सांगितलं, शेतीतला विषय घ्या, घरच्यांना विचारा. खुशीनं घरच्यांना म्हणजे आजीला विचारलं. दोन दुपारी दोघी पऱ्ह्याच्या वाफ्यापाशी बसून होत्या. मग खुशीनं चार्ट केला. एका पानाचं रोप, दोन पानांचं, तीन, चार, पाच. हिरव्या स्केचपेननं नीट काढलेली, आणि प्रत्येक रोपाखाली आजीच्या गाण्यातली एक-एक ओळ. वर मथळा : 'आजीचं गाणं सांगतं, रोप केव्हा रोवायचं.'

रविवारी सकाळी नीतूनं तो चार्ट पाहिला.

"खुशी, हे काय? 'सासरी', 'कन्यादान'... सातवीतली मुलगी हे लिहिते? लोक म्हणतील, आईबाप घरात लग्नाचंच बोलतात!"

"मम्मी, ते पोरीचं नाही, रोपाचं आहे. पुढं वाच ना—"

"पुढचं-मागचं काही नको. बालविवाहाचा प्रचार म्हणतील आणि पाठवतील घरी. विज्ञानात गाणी नसतात."

नीतूनं ट्रंक उघडली. कॉलेजची वही काढली. धानाच्या प्रकरणात पाहिजे तो आकडा सापडला. मग कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून तिनं गाण्याच्या प्रत्येक ओळीवर चिकटवल्या, आणि त्यांवर खुशीकडून सुबक अक्षरात लिहवून घेतलं : 'रोपाचे योग्य वय – २५ दिवस.' 'पुनर्लागवडीचा धक्का – ८ दिवस.' मथळाही बदलला.

सुलोचनाबाई पडवीत सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी विचारलं, "आता काय लिवलं वं, बाई?"

खुशीनं वाचून दाखवलं.

"धक्का?" सुलोचनाबाईंचं सूप थांबलं. "कोनं ढकललं वं तिले?"

खुशीला हसू फुटलं. नीतू म्हणाली, "आई, तो शास्त्रीय शब्द आहे. जागा बदलली की रोप आठ दिवस पिवळं पडतं, त्याला धक्का म्हणतात."

"असंन. मी आपली विचारून राहिली." आणि त्या पुन्हा पाखडायला लागल्या.

प्रदर्शन तालुक्याच्या गावी होतं. आदल्या दिवशी सुलोचनाबाईंनी हळूच विचारलं, "मी येऊ का? पोरगी माह्या रोपाचं सांगून राहिली, पायलं असतं." नीतूनं उत्तर आधीच तयार ठेवलं होतं. "आई, तिथं फक्त मुलं आणि शिक्षक असतात. मी बी बाहेरच उभी राहीन." हे खरं नव्हतं. पालकांना खुर्च्या मांडल्या होत्या. नीतूला नको होतं ते एवढंच, की तिथं कुणी सासूला काही विचारावं आणि सासूनं झाडीबोलीत ठणकावून उत्तर द्यावं.

घाईघाईत निघताना खुशी रोपांचा ट्रे ओट्यावरच विसरली.

अकराच्या सुमारास परीक्षक आले. मोठ्या कॉलेजातून आलेले, गळ्यात मफलर. दोन टेबलं पाहून खुशीच्या टेबलापाशी थांबले. चार्टावरची एक पट्टी डिंक वाळून कोपऱ्याला उचलली होती. त्यांनी ती बोटानं आणखी वर केली आणि खालचं वाचलं.

"ये क्या है, बेटा? सासर?"

खुशीनं शेजारी उभ्या नीतूकडे पाहिलं. मग म्हणाली, "सर, ते माझ्या आजीचं गाणं आहे. त्यात रोप म्हणजे मुलगी असते. पऱ्हे टाकले ते तिचं माहेर, आणि रोवली ती बांधी म्हणजे—"

"मतलब धान की शादी!" परीक्षक मागे वळून बाकीच्यांना म्हणाले. "और बारात कहाँ से आएगी? राइस मिल से?"

सगळा हॉल हसला. भुपेंद्र सर हसले. आणि नीतूही हसली. हसली तीही जरा जोरातच, आपण कोणत्या बाजूचे आहोत ते परीक्षकांना कळावं म्हणून. वर म्हणाली, "जुन्या लोकांचं चालतं, सर, असं. मीच झाकायला लावलं."

हसू ओठांवर असतानाच तिनं मान वळवली. तीन पावलांवर सुलोचनाबाई उभ्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, पायाला रस्त्याची धूळ, आणि दोन्ही हातांत ओल्या फडक्यात गुंडाळलेला पऱ्ह्याचा गड्डा. खुशीचा राहिलेला ट्रे पाहून त्या काळीपिवळी जीपमध्ये बसून एकट्या आल्या होत्या. त्यांनी पुढे होऊन गड्डा टेबलावर ठेवला, फडकं सोडलं, रोपं नीट उभी केली. खुशीच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि आल्या तशा गेल्या.

पट्ट्यांवरच्या आकड्यांच्या जोरावर खुशीचा पहिला नंबर आला. जिल्ह्यासाठी निवड झाली. घरी परतताना गाडीवर नीतूच्या हातात प्रमाणपत्र होतं. सासू भांडेल, बोलेल, निदान जेवणार नाही, अशी तिनं मनाची तयारी केली होती. सुलोचनाबाई जेवल्या. भाजीत मीठ कमी आहे तेही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी नीतूला काम सांगणं बंद केलं. आधी दिवसभर चालायचं, पानी आन, कोंबड्या झाक, वाफ्याले पानी सोड. आता काही विचारलं की एकच उत्तर : "तू शिकलेली. तुले माईत."

सासूच्या शिव्या परवडल्या असत्या, हे परवडत नव्हतं. पण 'चुकले' म्हणायला तोंड उघडायचं तर आधी काय चुकलं ते बोलावं लागलं असतं, आणि ते ऐकायला खुशी घरात होतीच.

खुशीनं मात्र जे शिकायचं ते शिकून घेतलं होतं. एका संध्याकाळी थंडी फार पडली. सुलोचनाबाई तिला म्हणाल्या, "चाल वं, पऱ्ह्याले हिव लागते. चुलीतली राखुंडी टाकून येऊ वरून."

"आजी, ते सायंटिफिक नाही," खुशी म्हणाली आणि हसली.

नीतू स्वयंपाकघरात पीठ मळत होती. तिचे हात थांबले. ते हसू तिचंच होतं. तसंच जरा जास्त, तसंच कुणाला तरी ऐकू जावं म्हणून. बारा वर्षांची पोर, आईचं नाक, आईचे केस, आणि आता हेही घेतलं होतं तिनं. बाहेर सुलोचनाबाई एकट्याच टोपलीत राख भरत होत्या.

भुपेंद्र सरांनी सांगितलं, "जिल्ह्याला नुसता चार्ट चालत नाही. प्रत्यक्ष शेतातले फोटो लावा. पंचविसाव्या दिवशीची रोवणी दाखवा." नीतूनं कॅलेंडरवर खूण केली. जानेवारीच्या एक तारखेला कालव्याला पाणी सुटलं, आणि दोन तारखेला पंचवीस दिवस भरत होते. प्रफुलला फोन केला तर तो म्हणाला, "तू पाहून घे ना. घरातली बॉटनीवाली तूच."

सुलोचनाबाईंनी त्या वेळी एकदाच तोंड उघडलं. "लहान आहे अजून. पंधरा-वीस दिस थांब."

"आई, पंचवीस दिवस होतात उद्या. आणि खुशीचे फोटो—"

"बरं. मंग एका बांधीपुरतंच उपड. बाकी राऊ दे."

तेवढं नीतूनं ऐकलं.

रोवणीला दहा बाया आल्या. सुलोचनाबाई आपल्या टोकाला उभ्या राहिल्या. बाया वाट पाहू लागल्या. शेजारची जमुनाबाई म्हणाली, "काढा ना वो, गानं."

"गळा बसला वं," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि वाकल्या.

गाण्यावाचून ओळ वाकडी व्हायला लागली. एक पुढे, एक मागे. जमुनाबाईनं हातातलं रोप नीतूला दाखवलं. "अवो सूनबाई, इतकीशी पोरं कायले उपडली?"

"पंचवीस दिवस झाले, मावशी."

"दिसानं का होते? आमचा मोनू अठरा वर्साचा झाला, पन अक्कल पाचचीच आहे त्याची."

बाया खदखदल्या. सुलोचनाबाई हसल्या नाहीत. नीतूनं मोबाइलवर सोळा फोटो काढले.

रोपं पिवळी पडली. नीतू घाबरली नाही. आठ दिवसांचा धक्का, चार्टावर लिहिलेलाच होता. नवव्या दिवशी ती सकाळी सकाळी बांधीवर गेली. शेंडे पिवळ्याचे पांढुरके झाले होते, वाळल्या गवतासारखे. अकराव्या दिवशी तिनं एक रोप धरून ओढलं. ओढावंही लागलं नाही, चिमटीत आलं. नवं मूळ एकही फुटलेलं नव्हतं. धुऱ्यावरून जाताना जमुनाबाई थांबली आणि म्हणाली, "पयल्या नंबराचं धान मरून राहिलं वो."

त्या दिवशी शाळेतून आल्यावर खुशी दप्तर न काढताच शेतावर आली. बांधी पाहिली. आईला विचारलं, "मम्मी, चार्ट खरा का बांधी खरी?"

"घरी जा. अभ्यास कर," नीतू म्हणाली.

पोर गेली. नीतू उरलेल्या पऱ्ह्याच्या वाफ्यापाशी उकिडवी बसली. इतक्या दिवसांत तिनं वाफ्यातलं एकही रोप हातात धरून त्याची पानं पाहिली नव्हती. आता धरलं. पानं मोजली. आज कुठं तिसरं पान पूर्ण उघडून चवथ्याचा शेंडा दिसत होता. म्हणजे त्या दिवशी, पंचविसाव्या दिवशी, दोनच पानं धड होती. तिसरं नुसतं डोकावत असेल. तिला हे कळत होतं. थंडीत वाढ मंदावते, झाडाचं वय दिवसांवर जात नाही, हे तिनं परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. घरी येऊन तिनं वही पुन्हा काढली. पंचवीस या आकड्याच्या आधी, ओळीच्या सुरुवातीला तिच्याच हातचा शब्द होता, खरीप. पावसाळी धानाचा आकडा. तिनं हिवाळ्यातल्या कोवळ्या रोपांवर तो डोळे झाकून चिकटवला होता.

सुलोचनाबाई पडवीत बसल्या होत्या. नीतू त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"आई, ते गाणं... पूर्ण सांगता का?"

"कायले? ते का सायन्स आहे?"

नीतू उठली नाही. शेवटी सुलोचनाबाईंनी गाणं सांगितलं. गायल्या नाहीत. बाजाराची यादी सांगावी तसं, सपाट, एकेक ओळ.

"दोन पानाची लहान वं बाई, दोन पानाची लहान
मायनं तिले झाकून ठेवा, नोको कन्यादान.
चार पानाची झाली वं बाई, चार पानाची झाली
निंग आता माहेरून, पान्यानं वाट केली.
पाच पानाची कांडी वं बाई, पाच पानाची कांडी
उशिरा गेली सासरी तं भरे ना तिची हंडी.
आठ दिस पिवरी वं बाई, आठ दिस पिवरी
हाक नोको मारू तिले, आहे नवी नवरी."

सगळं त्यात होतं. केव्हा उपडायचं नाही, केव्हा उपडायचं, उशीर होऊन रोपानं कांडी धरली तर फुटवे येत नाहीत, रोवल्यावर आठ दिवस हात लावायचा नाही. आणि दिवसांचा आकडा, जो ऋतूबरोबर बदलतो, तो पूर्ण गाण्यात एकच होता, आणि तोही रोवणीनंतरचा. उरलेली मोजणी पानांची. पट्ट्या कापताना नीतूनं हे सगळं झाकलं होतं. बालविवाहाचा प्रचार म्हणाली होती ती. पहिल्याच कडव्यात नको म्हटलेलं होतं.

"हे पयलं कडवं माह्या मायच्या गान्यात नव्हतं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मी जोडलं."

"तुम्ही? का?"

"मी दोन पानाचीच आली होती या घरी." त्या लुगड्याचा काठ बोटानं सरळ करत होत्या. "पयलं लेकरू जगलं नाही. दुसरं बी नाही. सासू मने, रोपच कमजोर. मंग एका वर्सी रोवनीत आपोआप तोंडातून निंगालं. बाया बी मनू लागल्या. आमच्यात दोन पानाच्या लय होत्या."

चौदा वर्षं ती या बाईच्या हातचं खात होती. प्रफुलच्या आधी दोन लेकरं झाली होती, हे तिला आज कळत होतं, आणि तेही रोपांची पानं मोजता मोजता.

"मी तुमचं ते... धान म्हणजे मुलगी, ते सगळं—" ती चाचरत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला खरंच तसं वाटतं."

सुलोचनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "धान का पोरगी होय? मले का समजत नाही? पोरीले का कोनी चिखलात गाडते? पन 'रोप' मन, बाया मुठीनं खुपसतेत, घाईघाईनं. मूळ वाकडं होते. 'पोरगी' मन, हात हलका पडते. अशा दहा बायांले दिवसभर कोन सांगत बसंन, हात हलका ठेवा, हात हलका ठेवा? गान्यात सांगा, एकदाच."

नीतूला एकदम कॉलेजची लॅब आठवली. कांद्याच्या मुळाचा तुकडा, भिंगाखाली एका पेशीच्या दोन होताना. मदर सेल, डॉटर सेल. तिनं ते वहीत लिहिलं होतं, आकृती काढून नावं दिली होती. आई आणि लेकी. पेशीला कुठली आई अन् कुठली लेक? पण ज्यानं कुणी प्रथम म्हटलं असेल, त्याला एकातून दुसरं निघालेलं, दुसऱ्यात पहिल्याचं सगळं उतरलेलं, दोन शब्दांत सांगायचं होतं. वर्गात तेव्हा कुणी हसलं नव्हतं. बारात कुठून येणार, असं कुणी विचारलं नव्हतं. ते छापलेलं होतं, इंग्रजीत होतं, म्हणून. आणि धक्का तरी काय होता? रोपाला कुणी ढकललं होतं? सासूनं विचारलं ते बरोबरच होतं. एक नवरी म्हणत होती, दुसरा धक्का म्हणत होता. फरक एवढाच, की नवरी म्हणणारीनं पुढे काय करायचं तेही सांगून ठेवलं होतं.

हे सगळं तिला कळलं. कळूनही 'माफ करा' हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. त्याऐवजी तिनं विचारलं, "उरलेले पऱ्हे केव्हा रोवायचे, आई?"

"मोज," सुलोचनाबाई म्हणाल्या.

नीतू रोज मोजत गेली. आठव्या दिवशी चवथं पान पूर्ण उघडलं. मेलेली बांधी पुन्हा चिखलून त्यात, आणि बाकीच्या दोन्ही बांध्यांत, पऱ्हे कमी पडल्यानं विरळ का होईना, रोवणी झाली. या वेळी नीतू चिखलात उतरली. सुलोचनाबाई टोकाला उभ्या राहिल्या. जमुनाबाईनं पुन्हा म्हटलं, काढा. त्यांनी काढलं नाही. "तुमीच मना," एवढंच म्हणाल्या. जमुनाबाईनं उचललं, बायांनी ओढलं. ओळ बरी राहिली. नीतूला शब्द येत होते आता, पण तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं, असं वाटत राहिलं.

जिल्ह्याच्या प्रदर्शनाला पाच दिवस होते. नीतू खुशीला घेऊन शाळेत गेली.

"सर, चार्ट बदलायचा आहे. आकडा चूक आहे. आमची बांधी मेली त्या आकड्यानं."

भुपेंद्र सरांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, पहिला नंबर आलेला प्रकल्प कुणी बदलतं का? ऐन वेळी? फोटो दुसरा लावू, कुणाला काय समजतं."

"सर, खुशीनं केलं होतं ते बरोबर होतं. मी झाकायला लावलं. चूक माझी आहे, तिची नाही." एवढं बोलताना नीतूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. स्टाफरूममधल्या दोन मॅडम तपासायच्या वह्या ठेवून तिच्याकडे बघत होत्या. खुशी शेजारी उभी राहून ऐकत होती. तिनं ऐकावं म्हणूनच नीतू तिला घेऊन आली होती, आणि तिनं ऐकू नये असंही त्या क्षणी तिला वाटत होतं.

"तुमची मर्जी," सर म्हणाले. "पण मग नंबराची आशा सोडा."

चार्ट खुशीनं नव्यानं केला. रोपं, पानं, खाली गाणं, पूर्ण. बाजूला दोन रकाने : पावसाळ्यात चवथं पान साधारण कितव्या दिवशी येतं, उन्हाळी धानात कितव्या दिवशी आलं. खाली मेलेल्या बांधीचा फोटो, आणि खुशीच्या अक्षरात : 'आम्ही दिवस मोजले, पानं मोजली नाहीत.' 'आम्ही' हा शब्द नीतूनं पाहिला. पोरीनं आईला एकटं पाडलं नव्हतं.

"आजी, तू चाल ना," खुशी म्हणाली.

"मी कायले येऊ?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "मले कामं आहेत."

गोंदियाला मोठा हॉल, शंभरावर टेबलं. परीक्षक तिघे होते. एक बाई गाणं शेवटपर्यंत वाचून मान हलवून पुढे गेल्या. दुसऱ्यानं रकान्यांबद्दल नीट दोन प्रश्न विचारले, खुशीनं उत्तरं दिली. तिसरा तरुण होता. त्यानं 'नवी नवरी' मोठ्यानं वाचलं आणि शेजारच्याला काहीतरी म्हणाला. दोघं हसले. पलीकडच्या टेबलावरची मुलं आणि त्यांचे आईवडीलही हसले.

"हसू नका," खुशी म्हणाली. "हे माझ्या आजीचं आहे."

नीतू तिच्यामागे उभी होती. ती एक शब्द बोलली नाही.

नंबर आला नाही. एस्टीतून उतरून दोघी घरी पोचल्या तेव्हा दिवस कलला होता. खुशी कपडे बदलायला आत गेली. सुलोचनाबाई चुलीपाशी होत्या. नीतू हातपाय धुऊन दारातच थबकली.

सुलोचनाबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मान वर न करता विचारलं, "हासले का लोकं?"

"हसले."

"आन तू?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी त्या हसण्याचं नाव काढलं होतं. 'नाही' म्हणता आलं असतं, आणि ते खोटं झालं नसतं. नीतू तिथंच उंबऱ्यावर बसली.

"हसले नाही, आई. पण मान खाली गेली माझी. आजूबाजूला कोण पाहतं, ते पाहिलं मी. खुशी बोलली. मी नाही बोलले. आणि त्या दिवशी... त्या दिवशी मी हसले होते. तुम्ही पाहिलं."

"पायलं."

"माफ करा," नीतू म्हणाली. शब्द इतके बारीक निघाले, की चुलीच्या आवाजात ते पोचले की नाही, तिला कळलं नाही.

सुलोचनाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली, काठ दाबून पाहिले. दुसरी थापायला घेतली. आतून खुशी ओरडली, "आजी, भूक लागली." त्या म्हणाल्या, "आनतो वं." नीतू उठून ताटं घ्यायला लागली.

"ते राऊ दे," सुलोचनाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या. "खालच्या बांधीतलं पानी उतरून राहिलं. उद्या कालव्याची पाळी आहे मनतेत. सकारी लवकर उठजो, आन फावडं घेऊन जाजो. कोपऱ्यातली रोपं कलली आहेत, तेवढी उभी कर."

"हो," नीतू म्हणाली.